मायबाई वो, सुया टोचून घेते म्हणे!

तुम्हाला म्हणून सांगते, कुठे बोलू नका. आणि बोललातच तर माझं नाव मधे आणू नका.

आमच्या दारव्ह्यातली एक सून, शिकली-सवरलेली, लग्नाला पाच वर्षं झालेली, भल्या पहाटेच्या एसटीने नागपूरला जाते आणि पैसे मोजून अंगात सुया टोचून घेते. इंजेक्शन नव्हे. इंजेक्शन असतं तर कुणी चकार शब्द काढला नसता. आपल्याकडे डॉक्टरने सुई दिली नाही तर पेशंट नाराज होऊन समोरच्या दवाखान्यात जातो. पण या सुयांमध्ये औषधच नाही. नळी नाही, बाटली नाही, नुसती केसाएवढी बारीक सुई. टोचायची, तशीच अंगात राहू द्यायची, दिवा मंद करायचा आणि बाईने अर्धा तास निवांत पडून राहायचं. कशासाठी? तर मन शांत व्हावं आणि जमलंच तर दिवस जावेत म्हणून. ॲक्युपंक्चर म्हणतात त्याला. गावात त्याचे आतापर्यंत ‘अकूपंचर’, ‘पंचर’ आणि ‘ते टोचाटोची’ असे तीन अवतार झाले आहेत.

नाव विचारू नका. दारव्ह्यात नाव न घेता गोष्ट सांगितली तरी चहा निवायच्या आत घर नंबरासकट ओळखलं जातं, म्हणून मी चार-पाच घरच्या सुना एकत्र मळून त्यांची एक केली आहे. आता बसा शोधत.

पूर्वी बातमीला शकुंतला रेल्वे होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, मधे आमचं दारव्हा मोतीबाग स्टेशन. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत डबे ओढत होतं, आणि त्या चालीत एखादी बातमी यवतमाळला डब्यात चढली की मूर्तिजापूरला उतरेपर्यंत तिचं लग्न, बाळंतपण, बारसं सगळं उरकायचं. आता गाडी बंद. बातम्या व्हॉट्सॲपवर धावतात आणि अर्ध्या कच्च्या पोचतात. सुयांची बातमी मात्र नीट शिजून आली, कारण ती भिशीत आली.

“सुया? म्हंजे अंगात?”

“मंग काय उशीत?”

“किती वो?”

“पंधरा-वीस म्हणे. पोटाले, हाताले, पायाले. एक तं टाळूले.”

“बाप्पा! अन् रक्त?”

“रक्त नाई येत म्हणे.”

रक्त येत नाही हे ऐकून सभेची स्पष्ट निराशा झाली. मग एकीने मुद्द्याला हात घातला. “चायनाचं हाय ना ते? मंग टिकते का? चायनाच्या मालाची ग्यारंटी नसते.”

हा आक्षेप साधा समजू नका. दिवाळीच्या माळा, खेळण्यातल्या मोटारी, मोबाइलचे चार्जर, सगळ्यांचा अनुभव त्यामागे उभा होता. पण इथे मला तोंड उघडावं लागलं. हा माल आपल्या ओळखीतल्या माणसांच्या मागोमाग आलेला आहे. १९३८ साली जपान चीनवर चालून गेला होता तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, हे व्ही. शांतारामांच्या १९४६च्या सिनेमामुळे निदान आमच्या आईच्या पिढीला तरी पाठ होतं. नागपूरचे डॉ. चोळकर होते, याची आठवण मात्र नागपूरकरांनाही करून द्यावी लागते. आणि कलकत्त्याचे बिजयकुमार बसू होते. कोटणीसांनी तिकडे सुया नाही, सुरी चालवली. जखमी सैनिकांची ऑपरेशनं करता करता १९४२च्या डिसेंबरात तिथेच गेले, वय अवघं ३२. बसू परत आले, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात सुया लावायला बसले. भारतात ॲक्युपंक्चर रुजलं ते त्यांच्यामुळे. चांगला शिकलेला डॉक्टर माणूस, कुणी बुवाबाबा नव्हे.

“म्हंजे चायनात समदे हेच करतात?”

इथेच तर खरी मसालेदार गोष्ट आहे. चीनच्या बादशहाने १८२२ साली आपल्या दरबारी वैद्यशाळेतून या सुया हद्दपार केल्या होत्या. कारण काय? तर राजाच्या देहाला सुया टोचणं आणि त्यावर विस्तव ठेवणं शोभत नाही! आणि ज्या माओने पुढे साऱ्या देशाला चिनी वैद्यकाचा अभिमान बाळगायला लावला, त्याच्या खासगी डॉक्टरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की साहेबांचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता, स्वतःसाठी ते ती औषधं घेत नसत. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान! भिशीत या गोष्टीला जो आनंद झाला तो कुठल्याही रेसिपीला झाला नव्हता.

अमेरिकेत हे खूळ कसं शिरलं तेही ऐकून घ्या. १९७१ साली जेम्स रेस्टन नावाचे न्यूयॉर्क टाइम्सचे मोठे पत्रकार चीनला गेले आणि तिथे त्यांचं अपेंडिक्स दुखावलं. ऑपरेशन रीतसर झालं, भूल नेहमीच्या इंजेक्शनची. दुसऱ्या रात्री पोटात गॅस धरला तेव्हा तिथल्या डॉक्टरने कोपराला आणि गुडघ्याखाली सुया लावल्या आणि त्यांना आराम पडला. त्यांनी ते पेपरात प्रामाणिकपणे लिहिलं. पण वाचणाऱ्यांनी काय केलं? रेस्टनचं पोट सुयांच्या भुलीवर फाडलं, अशी बोंब पसरली. म्हणजे न्यूयॉर्क आणि दारव्हा यांत इमारतींच्या उंचीपलीकडे फार फरक समजू नये. एवढं अमेरिकेचं वेड, त्याच्या मुळाशी एका माणसाच्या पोटातला वायू!

बरं, हे चालतं कसं म्हणतात? अंगात ‘ची’ नावाची शक्ती वाहते, तिच्या चौदा मुख्य वाटा आहेत, त्या वाटांवर ३६१ ठिकाणं आहेत. वाट तुंबली की दुखणं, टोचलं की मोकळी. मूल न होण्याचा संबंध ही मंडळी मूत्रपिंडाशी जोडतात आणि सुई लावतात पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर. त्या ठिकाणाचं नाव एसपी-६. मौज अशी की दिवस राहावेत म्हणून जी जागा टोचतात, तीच जागा दिवस राहिल्यावर टोचू नये, असा त्यांचा जुना दंडक आहे. पोटासाठी घोट्याला सुई, हे ऐकून आमच्याकडच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी “डोकं दुखते तं चप्पल बदला” एवढंच भाष्य केलं.

आणि कान! कानाची गोष्ट तर मी शेवटी सांगणार होते, पण राहवत नाही. कानाचा नकाशा काढणारे चिनी नव्हते, फ्रान्समधल्या लियाँ शहराचे डॉ. पॉल नोजिए होते. त्यांच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांच्या कानावर डागल्याच्या खुणा दिसत. चौकशी केली तर कळलं, मार्सेयची एक बाई मांडीपासून पायापर्यंत उतरणाऱ्या दुखण्यावर कानाला डाग देते आणि लोकांना आराम पडतो. म्हणजे डाग देणाऱ्या बाया तिकडेही होत्या, आपण उगीच स्वतःला मागास समजून लाजतो. त्यावरून विचार करत नोजिए यांनी १९५७च्या सुमाराला मांडलं की माणसाचा कान हे पोटातल्या उलट्या बाळाचं चित्र आहे. पाळीत डोकं, वरच्या कडेला पाय.

“कानात लेकरू?”

त्या दिवशी भिशीत पैसे कुणाला लागले ते कुणालाच आठवत नाही. सगळ्या एकमेकींच्या कानात डोकावत होत्या. एकीच्या कानातलं बाळ बाळसेदार निघालं, एकीचं रोडावलेलं, आणि जिच्या कानाला वरपर्यंत चार भोकं आहेत तिला सगळ्यांनी मिळून दोष दिला.

आता हे सगळं धक्कादायक आहे, मान्य. नागपूरपर्यंतचं भाडं, तिथली फी, दिवसाची रजा, आणि घरी परत येऊन स्वयंपाक. पण मला जरा वेगळाच धक्का बसला. याच सुनेने गेल्या पाच वर्षांत काय काय केलं त्याची यादी याच बायकांना तोंडपाठ आहे आणि त्यातल्या एकाही गोष्टीवर कुणी भुवई उचलली नव्हती. कळंबच्या चिंतामणीला नवस झाला. धामणगाव देवला मुंगसाजी माउलींच्या पायावर डोकं ठेवून झालं. माहूरच्या गडावर रेणुकेची ओटी भरून झाली. यात वाईट काही नाही, मीही गेले आहे, माहूरचा गड चढून आलं की मनाला खरंच बरं वाटतं. पण मग रस्त्याकडेच्या तंबूतल्या ‘खानदानी’ वैद्याची पुडी आली. शिवलिंगीच्या बिया आल्या, गाईच्या दुधातून, कुणाशी न बोलता घ्यायच्या. कुणाच्या तरी भावजयीला गुण आलेलं कसलंसं काळं चाटण आलं, ज्यात काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता आलं नाही. हे सगळं तिने गिळलं. गिळलेल्यावर चर्चा झाली नाही. टोचलेल्यावर झाली.

कारण, माझ्या मते, सुई नव्हेच. कारण ते पडून राहणं. भरदिवसा, घरची कामं पडलेली, इकडे कापूस फुटून वेचणीला बाया मिळेनात, आणि ही नागपूरला जाऊन अर्धा तास डोळे मिटून पडते! आजारी नाही, बाळंतीण नाही, म्हातारी नाही. तिच्या चुलतसासूने आकाशाकडे पाहत विचारलं, “तिले थकवा कायचा येते?” या प्रश्नाला उत्तर नसतं. कायचा येते म्हणून काय सांगणार? लग्नात, बारशात, हळदी-कुंकवात, बँकेच्या रांगेत, बसस्टँडवर, “काही गोड बातमी?” या प्रश्नाला पाच वर्षं हसून उत्तर देण्याचा येते, असं सांगायचं? दर महिन्याला तारीख मोजण्याचा येते? डोहाळजेवणाला बोलावलं तरी दुखतं आणि नाही बोलावलं तर जास्त दुखतं, त्याचा येते?

त्या नागपूरच्या खोलीत, तिने मला जेवढं सांगितलं त्यावरून, पहिल्या भेटीत तास गेला तो नुसता विचारण्यात. झोप लागते का, घास कसा जातो, हातपाय गार पडतात का, पाळीच्या आधी चिडचिड होते का, रडू कधी येतं. मग नाडी बघितली. मग जीभ बाहेर काढायला सांगितली, कारण या पद्धतीत जिभेच्या रंगावरून आणि थरावरून बरंच काही ताडतात. सुनेची जीभ तपासायला पैसे घेतले, हे ऐकून सासूबाईंना हसू आवरेना. “मले विचारलं असतं,” त्या म्हणाल्या, “मी फुकटात सांगतली असती.”

पण रडू कधी येतं, हे त्या सुनेला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मोठ्या टेस्ट ट्यूब सेंटरमध्ये विचारायला वेळ नसतो. तिथे फाइल असते, टोकन नंबर असतो, अंडं फुटलं की नाही बघायला दिवसाआड सोनोग्राफी असते. त्यांचं काम ते चोख करतात. बाईच्या मनाचं खातं मात्र तिथे कुठल्याच टेबलावर नाही. ते खातं या सुयावाल्यांनी उघडलं आणि धंदा का चालतो याचं उत्तर मला तिथेच दिसतं.

धंदा म्हटलं की आकडे बघावे लागतात. बघितले. ते तर भिशीपेक्षा भयंकर निघाले. २००२ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी टेस्ट ट्यूबचे उपचार घेणाऱ्या १६० बायका घेतल्या. निम्म्यांना गर्भ आत सोडायच्या आधी आणि नंतर सुया, निम्म्या नुसत्या पडून. सुयावाल्यांत ४२.५ टक्के बायकांना दिवस गेले, दुसऱ्यांत २६.३ टक्के. झालं! इथून जे पेव फुटलं ते थेट आपल्या मोबाइलपर्यंत आलं. पण त्यात एक गोम होती. ज्या नुसत्या पडून होत्या त्यांना माहीत होतं की आपल्याला काही मिळालेलं नाही. आपल्याला वाढलं नाही हे कळल्यावर पंगतीत बसलेल्या बाईचा चेहरा कसा होतो, हे कुणाला सांगायला नको.

मग पुढच्या शहाण्यांनी काय करावं? बायकांना फसवलं! अगदी रीतसर, परवानगी घेऊन. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८४८ बायका घेतल्या. अर्ध्यांना खऱ्या सुया, अर्ध्यांना खोट्या, झाडीपट्टीच्या नाटकातल्या खंजिरासारख्या, दाबलं की आतल्या आत सरकणाऱ्या. आपल्याला कुठली लागली हे बाईला कळू द्यायचं नाही. निकाल २०१८ साली लागला. मूल हातात आलं ते खऱ्या सुयांत १८.३ टक्के बायकांच्या आणि खोट्या सुयांत १७.८ टक्के. म्हणजे खंजीर खरा काय नि खोटा काय, नाटक सारखंच रंगलं. त्याच्या आदल्याच वर्षी खुद्द चीनमधून असाच निकाल आला होता. पीसीओडीच्या १००० बायका. खऱ्या टोचणीत २१.८ टक्के बाळंतपणं, नाटकी टोचणीत २२.४. खोट्या सुया केसभर पुढे! आणि त्याच बायकांपैकी ज्यांना अंडं तयार करणारी क्लोमिफिनची साधी गोळी दिली, त्यांच्यात २८.७ टक्के, रिकामी गोळी घेणाऱ्यांत १५.४. एवढा गाजावाजा सुईचा आणि काम केलं त्या गोळीने, जिच्याबद्दल कुणी भिशीत अवाक्षर काढत नाही.

हे मी त्या सुनेला सांगितलं. घाबरतच सांगितलं, कारण कुणाची आशा पंचर करायला मला आवडत नाही. ती म्हणाली, “मले माहीत हाय ना काकू. मी वाचलं. मी त्याच्यासाठी नाई जात.”

आता बोला!

अमेरिकेत २००९ साली असाच एक प्रयोग झाला होता, १५० बायकांचा. दिवस जाण्यात फरक पडला नाही. पण सुया लावलेल्या बायकांची धास्ती कमी झाली होती आणि आपलं काहीतरी बरं होईल असं त्यांना जास्त वाटत होतं. भिशीत हे सांगितलं तेव्हा उत्तर आलं, “एवढ्यासाठी नागपूरले? घरीच पडाव नं थोडं.” बरोबर आहे. घरी पडा. दार लावा. बघा, किती मिनिटांत कुणीतरी “तब्येत बरी नाई का? काही हाय का?” म्हणून डोकावतं.

एक मात्र मी तिला खडसावून विचारलं, कारण एवढा आगाऊपणा वयाने मिळवला आहे. टोचणारा माणूस कोण? या क्षेत्रात पूर्वी कोलंबोहून आणलेल्या पदव्यांचा सुळसुळाट होता. भिंतीवर मोठी चौकट, सोनेरी शिक्का, आणि शिक्षण किती ते देव जाणे. आता महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ सालचा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. २०१९ साली केंद्रानेही या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा नोंदणी विचारायला लाजायचं नाही. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडलं पाहिजे आणि वापरलेली सुई आपल्यासमोर डब्यात गेली पाहिजे, कारण उकळून पुन्हा वापरलेल्या सुईतून मूल नाही, कावीळ येते. आणि ज्या दिवशी तो म्हणेल, “डॉक्टरच्या गोळ्या बंद करा, सुयांनी नळ्या उघडतात,” त्या दिवशी चप्पल घालायची. बंद नळी सुईने उघडत नाही. आपल्या देशात ती बऱ्याचदा क्षयरोगाने बंद झालेली असते आणि तो छातीत नसून पोटात असल्यामुळे बाईला पत्ताही नसतो. त्याचा इलाज ठरलेला आहे, तो घोट्याच्या चार बोटं वर नाही. शिवाय वय थांबत नाही. पस्तिशीच्या आतल्या बाईने वर्षभर वाट पाहावी, पस्तिशी ओलांडलेलीने सहा महिने, आणि मग सरळ तपासण्या कराव्यात, असं डॉक्टर सांगतात. सुयांचा नाद एवढ्यासाठीच वाईट की त्यात कधी कधी ही वर्षं निवांत झोपून जातात.

तिच्या तपासण्या झाल्या होत्या. सगळ्या. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, ज्यात जीव कासावीस होतो. सगळं ठीक.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी एवढा वेळ तुम्हाला बसवून ठेवलं. दार लोटून घ्या.

तिसऱ्या भेटीला त्या नागपूरच्या माणसाने विचारलं, “मिस्टरांचे रिपोर्ट?”

मिस्टरांचे रिपोर्ट नव्हते. पाच वर्षांत नव्हते. नवस तिचा, उपास तिचे, पुड्या तिच्या, नळ्या तिच्या, सुया तिच्या. मिस्टर ठणठणीत होते, कारण ते दिसायला ठणठणीत होते. रोज सकाळी चार किलोमीटर चालतात, अंगाने भरलेले, आवाज मोठा. अशा माणसाला काय तपासायचं? आता, मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचंही काहीतरी कारण निघतं, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. वीर्यतपासणीला ना भूल लागते ना टाके. दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक डबी. या उद्योगातली सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि आमच्या भागात ती सगळ्यात शेवटी होते. कधी कधी दुसरं लग्न लावून झाल्यावरही होत नाही.

सुयांची बातमी भिशीत फुटली होती. ही बातमी कुठेही फुटली नाही. ती हळूच आली, पदराआडून आली, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीने आधी मागे वळून पाहिलं. “त्याले डबी देल्ली?” “हाव.” “अन् त्यानं घेतली?” “घेतली म्हणे.” कुणी हसलं नाही. ज्या बायकांनी टाळूतल्या सुईवर तासभर तोंडसुख घेतलं, त्या डबीच्या नावाने अशा गप्प झाल्या की कुकरची शिट्टी ऐकू आली. गावातल्या एका पुरुषाची तपासणी झाली! उद्या सगळ्यांच्या होतील! माझ्या शेजारी बसलेली एक, जिच्या मोठ्या जावेला पंचवीस वर्षांपूर्वी ‘तसली’ म्हणून माहेरी धाडलं होतं, ती उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

मिस्टर पहिल्यांदा रागावले म्हणे. मग नागपूरच्या माणसाने त्यांनाही पालथं झोपवलं आणि पाठीला काचेचे पेले लावले, कारण त्यांची पाठ दुखत होती. परत आले ते पाठीवर जांभळी वर्तुळं घेऊन. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर तसलीच वर्तुळं टीव्हीवर दिसली तेव्हा सगळं जग चकित झालं होतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी ती तेव्हाच ओळखली होती. तुंबडी! मिस्टरांनी ती वर्तुळं बनियन घालून आठवडाभर लपवली, पण शनिवारी आंघोळीला आडावर गेले आणि गल्लीला दर्शन घडलं. तपासणीचा रिपोर्ट काय आला, ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. एवढंच सांगते की आता दोघांच्या गोळ्या सुरू आहेत, दोघांची फाइल एक आहे, आणि नवऱ्याची तंबाखू सुटली आहे. तंबाखू सुटल्याचं गावाला दुःख झालं, कारण त्याच्या डबीत सगळ्यांचा वाटा होता.

सासूबाईंचं काय झालं म्हणता? त्यांच्या हसण्याचा आवाज आठवतो ना? त्यांचे गुडघे दहा वर्षांपासून वाजतात. आणि सुयांचा जो काही खरा उपयोग आजवरच्या अभ्यासांत दिसला आहे तो मुलाबाळांत फारसा नाही. तो आहे जुनाट पाठदुखीत, गुडघेदुखीत, थोडाफार. म्हणजे इतके दिवस ज्या बाईने जायला हवं होतं ती घरी बसून जी गेली तिला नावं ठेवत होती. मागच्या महिन्यात एकदा सुनेला सोबत म्हणून त्या नागपूरला गेल्या. “नुसतं पाहाले,” म्हणाल्या. पाहता पाहता झोपल्या. आता पहाटेच्या गाडीला सुनेच्या आधी त्या तयार असतात आणि खिडकीची जागा धरतात. येताना वाटेत सुनेकडून शेगाव कचोरी वसूल करतात, ते वेगळं.

परवा सत्संगात त्यांनी पदर सावरून गुडघ्याखाली बोट ठेवलं आणि बायांना समजावून सांगितलं की इथे जी सुई लावतात त्या जागेचं नाव एसटी-छत्तीस. सगळ्या बाया श्रद्धेने ऐकत होत्या. मग मागून एकीने विचारलं, “ते पुसद डेपोची का वो, का यवतमाळची?”